झाकलेली बाटली आणि हरवलेले द्राक्ष

२३ जानेवारी २००४. बर्लिनमधील एका हॉटेलात युरोपातील ३६ वाइन-जाणकार जमले होते. त्यांना १६ रेड वाइन चाखून गुण द्यायचे होते. सहा फ्रान्सच्या, चार इटलीच्या आणि सहा चिलीच्या. कोणत्या प्याल्यात काय आहे, हे मात्र कोणालाच सांगितलेले नव्हते.

फ्रान्सच्या बाजूने शातो लाफित, शातो मार्गो आणि शातो लातूर उभे होते. बोर्दोच्या १८५५ सालच्या प्रतवारीत प्रथम श्रेणी मिळवलेली ही घराणी. समोर दक्षिण अमेरिकेतील चिली हा देश. त्याची वाइन म्हणजे स्वस्त, बरी, रोजच्या जेवणासोबत चालेल अशी, हे युरोपचे पक्के मत होते. ही चाचणी घडवून आणणारे एदुआर्दो चॅडविक हे स्वतः चिलीतील वाइन-उत्पादक. आपल्या वाइन तळाला गेल्या असत्या, तर ती नामुष्की त्यांनी स्वतःच्या खर्चाने ओढवून घेतली असती.

चिलीच्या वाट्याला हे दुय्यमपण का आले होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

स्पॅनिश वसाहतीच्या काळापासून चिलीत द्राक्षे होती. ‘पाईस’ हे त्यांतील प्रमुख वाण. पण १९व्या शतकाच्या मध्यावर खाणींतून श्रीमंत झालेल्या घराण्यांना फ्रेंच थाटाची वाइन हवीशी झाली. १८५१ साली सिल्व्हेस्त्रे ओचागाविया यांनी फ्रान्समधून उंची वाणांच्या वेली मागवल्या. काबर्ने सोव्हिन्यो आली, मर्लो आली. आणि त्याच सुमारास, मर्लोच्या गर्दीत मिसळून, आणखी एक बोर्दोचे वाण आले: कार्मेनेर.

पुढे फ्रान्सवर अरिष्ट कोसळले. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा या इवल्याशा किडीने वेलींची मुळे पोखरायला सुरुवात केली आणि काही दशकांत फ्रान्सच्या बागा उजाड केल्या. उपाय सापडला तो असा : मुळे अमेरिकन वेलीची, वरचे वाण फ्रेंच. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार ज्याला ‘खुंट’ म्हणतात, त्यावर कलम करून फ्रान्सने बागा पुन्हा उभ्या केल्या. पण नव्याने लावताना शेतकरी निवड करतोच. कार्मेनेर उशिरा पिकणारे, आणि फुलोऱ्यात गळ होऊन पीक बुडवणारे. ते फारसे कोणी पुन्हा लावले नाही. बोर्दोतून ते जवळजवळ नाहीसे झाले.

चिलीत मात्र कीड पोहोचलीच नाही. उत्तरेला आताकामाचे वाळवंट, पूर्वेला अँडीज, पश्चिमेला पॅसिफिक. त्या तटबंदीआड जुन्या वेली स्वतःच्या मुळांवर सुखाने वाढत राहिल्या. फक्त त्यांचे नाव हरवले. सगळ्या बागेला लोक ‘मर्लो’ म्हणू लागले.

खरी गंमत, किंवा खरे तर हानी, इथे आहे. मर्लो लवकर पिकते. कार्मेनेरला आणखी काही आठवडे लागतात. दोन्ही एकाच दिवशी खुडली की अर्धी कच्ची द्राक्षे पिंपात जातात. कच्च्या कार्मेनेरला ढोबळी मिरचीसारखा हिरवट वास येतो. चाखणाऱ्यांना तो वास येत होताच, पण बाटलीवर ‘मर्लो’ लिहिलेले असल्याने त्यांनी त्याचे स्पष्टीकरण शोधले : चिलीची मर्लो अशीच असते! जीभ बरोबर सांगत होती आणि कान नाव ऐकत होते.

कोडे सुटले ते प्याल्यात नव्हे, शेतात. नोव्हेंबर १९९४ मध्ये फ्रेंच द्राक्षवेल-तज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको एका परिषदेच्या निमित्ताने चिलीत आले होते. दक्षिण गोलार्धातील तो वसंत, म्हणजे वेलींच्या फुलोऱ्याचा काळ. मायपो खोऱ्यातील कार्मेन या वाइनरीच्या बागेत ‘मर्लो’च्या फुलांतील पुंकेसर त्यांना पिळवटलेले दिसले. मर्लोचे तसे नसतात. बोर्दोने शतकभरापूर्वी गमावलेले वाण समोर उभे होते.

यानंतर दोन्ही वाण वेगळे लावणे, वेगळे खुडणे सुरू झाले. पूर्ण पिकलेल्या कार्मेनेरची वाइन गडद, मऊ, काळ्या फळांच्या आणि मसाल्याच्या गंधाची निघते. हिरवट छटा उरली तरी ती पार्श्वभूमीला. शेजारच्या अर्जेंटिनाची माल्बेक सोबत ठेवून चाखल्यास फरक लगेच कळतो : माल्बेकमध्ये आलुबुखार आणि फुलांचा सुवास पुढे येतो, मिरचीची ती झाक सहसा नसते. योगायोग असा की माल्बेकही मूळची फ्रान्सचीच, आणि तिलाही मोठेपण मिळाले ते अँडीजच्या पायथ्याशी.

आता पुन्हा बर्लिन. चाचणीचे सूत्रसंचालन करणाऱ्यांत स्टीव्हन स्परियर होते. १९७६ साली पॅरिसमध्ये अशीच चाचणी घेऊन कॅलिफोर्नियाच्या वाइनला फ्रान्सच्या वर नेऊन बसवणारे तेच गृहस्थ.

गुणांची बेरीज झाली. पहिली आली चिलीची विन्येदो चॅडविक, २००० सालची. दुसरी सेन्या २००१, तीही चिलीची. शातो लाफित २००० तिसरी.

हा निकाल डोळे मिटून डोक्यावर घेण्याचे कारण नाही. चिलीच्या सहाही वाइन आयोजकाच्याच घरच्या होत्या. शिवाय सगळ्या वाइन २००० आणि २००१ या हंगामांच्या, म्हणजे अगदी कोवळ्या. लाफितसारखी वाइन तरुणपणी तुरट आणि अबोल असते. ती खुलायला दशके लागतात. सूर्यप्रकाशात भरपूर पिकलेली चिलीची वाइन आधीच बोलकी असते. तेव्हा ‘चिलीने बोर्दोला हरवले’ हे वाक्य जाहिरातीचे आहे, इतिहासाचे नाही. मात्र नाव झाकल्यावर युरोपातील निष्णात जिभांना चिलीला तळाशी ढकलता आले नाही, एवढे निर्विवाद. चॅडविक यांनी पुढे जगातील अनेक शहरांत ही चाचणी पुन्हा पुन्हा घडवली.

पहिली आलेली वाइन ज्या बागेतली, ती पुएन्ते आल्तो येथील बाग मुळात एदुआर्दोंच्या वडिलांचे पोलोचे मैदान होते. तिथे वेली लागल्या १९९२ मध्ये. म्हणजे लाफितच्या शतकांसमोर आठ वर्षांची बाग.

आणि दुसऱ्या क्रमांकावरील सेन्या ही मिश्र वाइन. तिच्यात मुख्य काबर्ने सोव्हिन्यो, पण सोबत थोडे कार्मेनेरही होते. बोर्दोने टाकून दिलेले, दहा वर्षांपूर्वीपर्यंत स्वतःचे नावही नसलेले ते द्राक्ष त्या दिवशी लाफितच्या एक पायरी वर होते.