निकेलचा चकवा

झाशीला आत्याकडे जाताना इलाइट चौराह्यावर सीएनजीची रिक्षा धरली. सुटे काढायला खिशात हात घातला, तर हाती आला आजीच्या डब्यातला १९६२ सालचा रुपया. तो शुद्ध निकेलचा. लोहचुंबक जवळ नेला की टपकन चिकटतो. रिक्षाच्या टाकीत मिथेन, माझ्या तळहातावर निकेल. या दोघांचं नातं शंभर वर्षांहून जुनं आहे आणि त्याचं मूळ मला एका शिवीत सापडलं.

आधी नातं सांगतो. मिथेन आणि पाण्याची वाफ तापलेल्या निकेलवरून नेली, की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण मिळतं. हा संश्लेषण वायू. कारखान्याच्या बोलीत सिनगॅस. त्यातल्या हायड्रोजनपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. गुना जिल्ह्यातल्या विजयपूरचा खत कारखाना नैसर्गिक वायूपासून युरिया करतो तो याच वाटेने. निकेलचा हा गुण मोंड आणि लँगर या रसायनशास्त्रज्ञांनी १८८९ मध्ये दाखवला, जर्मनीच्या बीएएसएफने १९१२ मध्ये पेटंट घेतलं, १९३० च्या सुमारास अमेरिकेत कारखाना उभा राहिला. हे टप्पे कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहेत.

आता ती शिवी. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या डोंगरांत खाणकामगारांना तांबूस रंगाचं एक खनिज सापडे. तांबं म्हणून ते भट्टीत घालावं, तर तांब्याचा कण निघत नसे. वर आर्सेनिकचा विषारी धूर. त्यांनी त्याला नाव ठेवलं ‘कुप्फरनिकेल’. कुप्फर म्हणजे तांबं, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘निकेल’वर.

सर्रास सांगितला जाणारा अर्थ ‘सैतानाचं तांबं’. त्याला आधार देतात इंग्रजीतल्या ‘ओल्ड निक’चा, म्हणजे सैतानाचा. मला हे पटत नाही. सॅक्सनीच्या खाणीतला माणूस इंग्रजीत शिवी कशाला देईल? दुसरा पक्ष ‘निक्स’ या जर्मन जलभुताकडे बोट दाखवतो. पण ते भूत नदी-तळ्यातलं, आणि ‘निक्स’चं ‘निकेल’ व्हायला उच्चाराचीही बरीच ओढाताण करावी लागते. तिसरी व्युत्पत्ती सर्वांत साधी आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे: निकेल हे निकोलसचं घरगुती रूप. आपल्याकडे नारायणाचा नाऱ्या होतो, तसं. अशी नावं लाडाने सुरू होतात आणि हाकेचा सूर चढला की शिवी होतात. त्या नाऱ्याचा पुढे खोडकर बुटका, खाणीतला उपद्रवी जीव झाला. शेजारचा पुरावाही आहे. त्याच डोंगरांतलं दुसरं फसवं खनिज कोबाल्ट, आणि त्याचं नाव ‘कोबोल्ड’ या खोडकर भुतावरून आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

या जीवाला मराठीत नेमका शब्द आहे: चकवा. रात्री रानात वाट चुकलेला माणूस फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो, तेव्हा त्याला चकवा लागला म्हणतात. स्वीडनच्या क्रोनस्टेटने १७५१ मध्ये तशाच खनिजातून नवा धातू वेगळा काढला आणि १७५४ मध्ये त्याचं नाव ठरवताना कुप्फर तेवढं गाळलं. तांबं गेलं, चकवा राहिला.

माझं म्हणणं असं, की हे नाव खाणकामगारांना वाटलं त्याहून खोल लागू पडतं. अमोनियाच्या कारखान्यात रिफॉर्मर नावाच्या भट्टीच्या नळ्यांमध्ये आठशे अंश सेल्सिअसच्या वर निकेल मिथेन फोडून कार्बन मोनॉक्साइड बनवतं. त्याच कारखान्यात पुढे मेथॅनेटर नावाचं पात्र असतं. हायड्रोजनमध्ये उरलेला मोनॉक्साइडचा अंश अमोनियाच्या लोखंडी उत्प्रेरकाला विष ठरतो. तो काढायला तिथे पुन्हा निकेलच, पण तीनशे अंशांच्या आसपास. ते मोनॉक्साइडचा परत मिथेन करतं. हा उलटा प्रवास साबातिए आणि सांदरां यांनी १९०२ मध्येच दाखवला होता. निघालो त्याच झाडाखाली आलो!

यावर आक्षेप ठरलेला: उत्प्रेरक कुठलाही असो, तो क्रिया दोन्ही दिशांना जलद करतो, दिशा ठरते तापमानाने. मग निकेललाच चकवा का म्हणायचं? कारण निकेलकडे तिसरी वाट आहे. मोनॉक्साइड थंड निकेलवर आला, तर धातूच वायू होऊन निघून जातो. मोंडच्या कारखान्यातल्या निकेलच्या झडपा अशाच खाल्ल्या गेल्या. १८९० मध्ये जाहीर झालेलं ते निकेल कार्बोनिल ४३ अंशांना उकळतं आणि अतिशय विषारी असतं. साध्या दाबाला, पन्नासेक अंशांवर इतक्या सहज निसटणारा दुसरा धातू नाही. म्हणून मेथॅनेटर थंड असताना त्यात मोनॉक्साइड शिरू देत नाहीत. चौथी वाट काजळीची: वाफ कमी पडली की निकेलच्या कणातून कार्बनचा तंतू वाढतो आणि कणाला, तो ज्यावर बसवलेला असतो त्या आधारावरून उचलून आपल्या टोकावर नेतो.

चार वाटा, चौराहाच हा. त्यावर पहारा ठेवण्याचं एक काम पुण्यातही झालं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वसंत चौधरी आणि सहकाऱ्यांनी निकेलला चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइडचा, आधार दिला. मिथेनसोबत ऑक्सिजन, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र सोडून एका क्रियेची उष्णता त्यांनी दुसरीला पुरवली. १९९४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. गंमत ही, की हायड्रोकार्बन आणि वाफेची गाठ फ्रान्समध्ये १८६८ मध्ये घातली गेली, तेव्हा सोबतीला होता तो चुनाच. मधल्या काळात निकेल आलं. पुण्यात दोघे शेजारी बसले.

रिक्षावाल्याला मी दुसरी नाणी दिली. हा रुपया देववला नाही. त्याच्यावर धान्याची कणसं कोरलेली आहेत. १९६२ मध्ये ती कोरताना निकेलचा आणि पिकाचा संबंध टाकसाळीत कुणाच्या मनात आला असेल, असं मला वाटत नाही. पण विजयपूरच्या युरियावर वाढलेला गहू आत्याच्या ताटात येतो, तेव्हा त्या कणसांच्या मुळाशी तोच नाऱ्या बसलेला असतो.