कॅस्पेज : पेशीचा शेवट घडविणारी विकरे

कवठे महांकाळच्या द्राक्षबागायतदारांना ‘डाऊनी’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाने मुक्काम ठोकला, की या रोगाच्या धास्तीने बागांतून फवारणीची धावपळ सुरू होते. अमेरिकेतील काही रानटी द्राक्षवेली मात्र हाच रोग औषधाविना थोपवून धरतात. डाऊनीचा जंतू जिवंत पेशींवरच पोसतो. तो पानात शिरताच आसपासच्या पेशी स्वतःहून मरतात आणि त्याची उपासमार होते. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका या आपल्याकडील वाणांत ही क्षमता फारशी नाही.

पेशीने ठरवून मरावे, ही व्यवस्था प्राण्यांतही आहे, आणि तेथे ती अधिक बारकाईने अभ्यासली गेली आहे. गर्भाच्या हाताची बोटे सुटी होतात ती मधल्या पडद्यातील पेशी मरतात म्हणून. बेडकाच्या पिल्लाची शेपटीही अशीच नाहीशी होते. केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी 1972 मध्ये या मृत्यूला ‘अपॉप्टॉसिस’ हे नाव दिले. त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी करणाऱ्या, प्रथिने तोडणाऱ्या विकरांचे, म्हणजेच एन्झाइमचे, कुटुंब म्हणजे कॅस्पेज.

या कुटुंबाचा माग एका मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीत लागला. त्याच्या वाढीत 1090 पेशी तयार होतात आणि त्यांपैकी नेमक्या 131 मरतात. रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत या मृत्यूस आवश्यक असलेले ‘सेड-3’ हे जनुक सापडले. ते माणसातील एका विकराच्या जनुकाशी मिळतेजुळते असल्याचे 1993 मध्ये स्पष्ट झाले. सिडनी ब्रेनर, जॉन सल्स्टन व हॉर्विट्झ यांना 2002 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते कृमीवरील याच कामासाठी.

‘कॅस्पेज’ हे नाव 1996 मध्ये ठरले. सिस्टीन या अमिनो आम्लाच्या साह्याने, अॅस्पार्टिक आम्लाच्या लगत, प्रथिनाची साखळी तोडणारे विकर, असा त्याचा अर्थ. माणसात अशी सुमारे डझनभर विकरे आहेत. त्यांचे क्रमांक शोधाच्या क्रमाने पडले, कामाच्या नव्हे, त्यामुळे नवख्याचा गोंधळ उडतो. पहिल्या क्रमांकाचे कॅस्पेज मुख्यतः दाहाशी संबंधित आहे. मृत्यूचा हुकूम 8, 9 व 10 हे क्रमांक सोडतात आणि 3, 6 व 7 तो अमलात आणतात.

महत्त्वाची गोष्ट अशी, की ही विकरे संकटाच्या वेळी नव्याने तयार होत नाहीत. ती निष्क्रिय रूपात पेशीत आधीपासूनच हजर असतात. पेशीच्या गुणसूत्रांची मोठी हानी झाली, की तंतुकणिकेतून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडते, त्याच्याभोवती सात आऱ्यांच्या चाकासारखी रचना जमते आणि क्रमांक 9 जागे होते. ते क्रमांक 3 ला जागे करते. हे तिसरे विकर पेशीचा सांगाडा तोडते, तसेच डीएनए कापणाऱ्या एका विकरावरील पहाराही उठवते. पेशी फुटत नाही. तिचे लहान पुडके होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात.

शस्त्र इतके हाताशी असल्याने त्यावर कुलपेही बरीच आहेत, आणि कर्करोगात बिघाड बहुधा या कुलपांत असतो. कवठे महांकाळ, जतकडील अनेक कुटुंबे उपचारांसाठी मिरज गाठतात. तेथे दिली जाणारी केमोथेरपी पेशीला इजा करते, पण पेशीचा अंत पुष्कळदा तिच्या स्वतःच्या कॅस्पेजमुळेच होतो. केसांच्या मुळांतील व आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशीही याच वाटेने जातात. केस गळतात ते त्यामुळे. उलट कर्करोगाच्या पेशीने कुलूप घट्ट केले असेल, तर औषध लागूनही ती मरत नाही.

म्हणूनच संशोधनाचा रोख कुलपांकडे वळला. ‘बीसीएल-2’ हे असेच एक कुलूप. ते सैल करणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या गोळीला रक्ताच्या एका कर्करोगासाठी अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे नवी मुंबईतील खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘अॅक्ट्रेक’ संस्थेत डॉ. काकोली बोस यांच्या गटाने ‘एचटीआरए-2’ या प्रथिनाच्या रचनेचा व कार्याचा अभ्यास केला आहे. तेही एक कापणारे विकरच. तंतुकणिकेतून बाहेर आल्यावर ते कॅस्पेजला अडवून धरणाऱ्या प्रथिनांचे तुकडे करते. कॅस्पेज रोखून यकृत वाचविण्याचा उलटा प्रयत्नही झाला. त्यासाठीचे एमरिकासान हे औषध मात्र चाचण्यांत अपेक्षेस उतरले नाही.

द्राक्षवेलीत कॅस्पेज नसते. वनस्पतींत त्याचे दूरचे नातलग, मेटाकॅस्पेज, असल्याचे 2000 मध्ये दिसून आले. ते साखळी तोडतात, पण अॅस्पार्टिक आम्लाजवळ नव्हे, तर आर्जिनीन किंवा लायसीनजवळ. अॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपात रोगाच्या जागी पेशी मारण्यास एक मेटाकॅस्पेज हातभार लावते, असे 2010 मध्ये सिद्ध झाले. रानटी वेलींची रोगप्रतिकारक जनुके घेऊन फ्रान्समध्ये आर्ताबान, फ्लोरेआल, व्हिडोक आणि व्होल्टिस हे वाण तयार झाले व 2018 मध्ये त्यांची नोंदणी झाली. हे सारे वाइनचे वाण आहेत. खाण्याच्या द्राक्षांचे किंवा बेदाण्याचे नाहीत.