बंदुकीचा पुकारा

मराठीतला लिलाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि काडतूस व पिस्तूल हे त्याच गलबतातून किनाऱ्याला उतरलेले त्याचे सोबती. बंदूक, शिकार आणि परवाना हे मात्र खुष्कीच्या मार्गाने, फारसी दफ्तराच्या आश्रयाने आपल्या भाषेत स्थायिक झाले. शब्दांच्या या दोन वंशावळी निव्वळ योगायोगाच्या असतील. तथापि विकण्याची भाषा समुद्रावरून आणि बाळगण्याची अनुज्ञा दरबारातून आली, असे एकदा लक्षात आल्यावर त्यांच्यात काही अर्थ वाचण्याचा मोह मला आवरत नाही. कारण शिकारीची जी बंदूक आज मराठवाड्यातल्या एखाद्या वाड्याच्या कपाटात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली आढळते, आणि जिची विल्हेवाट कशी लावावी हा प्रश्न नातवंडांना पडतो, तिचे सगळे चरित्र पुकारा आणि परवाना या दोन शब्दांच्या ओढाताणीत घडले आहे.

या चरित्रास जालन्याच्या मस्तगडापासून आरंभ करणे उचित होईल. साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझखानाचा पाडाव करून निजामुल्मुल्क आसफजाहाने दक्षिणेत आपला जम बसवला तो १७२४ मध्ये. आणि त्याच्या आज्ञेवरून काबीलखानाने जालन्याच्या पूर्वेस, चौकोनी आकाराचा आणि कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरुजांचा, किल्ला बांधला तो दुसऱ्याच वर्षी. त्या किल्ल्यातली गढी म्हणजे मस्तगड. बांधणीचा काळ सांगणारा फारसी शिलालेख आणि सज्जे-दालनांनी वेढलेली मोठी विहीर ही त्याची स्मारके. कुंडलिकेकाठच्या या सधन पेठेला संरक्षणाची गरज का वाटावी हे निराळे सांगायला नको. १६७९ मध्ये शिवछत्रपतींच्या फौजेने ही पेठ लुटली होती आणि ती आठवण बुजण्याइतका काळ मध्ये गेलेला नव्हता. पुढे याच गढीत नगरपालिकेची कचेरी थाटली गेली, आणि जेथे राज्याच्या जोरावर हुकूम सुटत होते तेथे घरपट्टीच्या पावत्या फाटू लागल्या. शस्त्राची जागा कागदाने घेण्याचा हा प्रकार इमारतीच्या बाबतीत जितक्या सहजतेने घडला, तितक्या सहजतेने तो बंदुकीच्या बाबतीत घडला नाही.

२ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेस, आज जालना जिल्ह्यातच असलेल्या असई या गावाजवळ, वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईचा तपशील सर्वश्रुत आहे. मला येथे अभिप्रेत आहे ते तिच्यानंतर आलेले शांततेचे दीर्घ पर्व. १८२७ मध्ये जालन्यास हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या पण गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या फौजेची, छावणी पडली आणि ती १९०३ पर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ, नांदली. लढाई नसलेल्या काळात गोऱ्या अधिकाऱ्याने करायचे काय, या प्रश्नाचे हिंदुस्थानभरच्या छावण्यांतले उत्तर एकच होते: शिकार. मराठवाड्याच्या माळावर काळविटांचे कळप होते, अजिंठ्याच्या डोंगररांगेत बिबळे होते आणि त्या काळी वाघही होते. आरंभी ठासणीच्या बंदुका, मग टोपीच्या, मग मागून काडतूस भरायच्या दुनळ्या, असा एकोणिसाव्या शतकाचा सारा शस्त्रविकास एकाच छावणीच्या आयुष्यात सामावून गेला. आणि दर वीस-पंचवीस वर्षांनी कालची बंदूक जुनी ठरून विक्रीला निघाली.

ही विक्री कशी होत असे, हे या विषयाचे खरे मूळ. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या फौजेत असा शिरस्ता होता की, अधिकारी मेला म्हणजे त्याचे घोडे, तंबू, खोगीर आणि बंदुका त्याच्याच सोबत्यांसमोर लिलावात काढाव्या, आलेल्या रकमेतून त्याची देणी फेडावी आणि उरलेली शिल्लक विलायतेतल्या वारसांकडे रवाना करावी. काल ज्याच्याबरोबर माळावर हिंडलो त्याचीच बंदूक आज एकवार, दोनवार, तीनवार म्हणत पुकारली जात असताना बोली बोलायची, यात आपल्याला क्रौर्य दिसेल. परंतु त्या मंडळींच्या दृष्टीने ती मृताची सेवाच होती, आणि वारसांच्या पदरात चार पैसे अधिक पडावेत म्हणून बोली चढवण्यात एक प्रकारचा शिष्टाचारही होता. या लिलावाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विकणारा, घेणारा आणि पुकारणारा हे एकमेकांस नावानिशी ओळखत. खरेदीदार कोण, हा प्रश्न तेथे विचारावाच लागत नसे.

तो प्रश्न उद्भवला छापील सूचीपत्राबरोबर. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स या विलायती सहकारी संस्थेने १८९१ मध्ये मुंबईस भांडार उघडले आणि तिच्या जाडजूड सूचीपत्रात मुरंब्याच्या बरणीपासून शिकारीच्या रायफलीपर्यंत सर्व काही चित्र व किंमत यांसह मिळू लागले. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग जालन्यावरून गेला, आणि सूचीपत्रातला माल येथवर पोचण्याची वाट सोपी झाली. माल न पाहता, विकणाऱ्याचे तोंड न पाहता, केवळ चित्रावरून दुरून वस्तू मागवण्याची जी सवय आज संगणकाच्या पडद्यावर आपल्याला नवी वाटते, ती त्या सूचीपत्राची नात आहे.

सरकारही याबाबतीत निश्चिंत नव्हते. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात ४५० बोअरच्या रायफलींना मज्जाव केला. कारण लष्करातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना चालणारी गोळी आणि वाघ-हत्तींसाठी विकली जाणारी गोळी एकाच मापाची असल्याने, शिकाऱ्याची शिदोरी बंडखोराच्या हाती जाण्याची भीती होती. तेव्हा लंडनच्या कारागिरांनी काय करावे? त्यांनी माप केसभर बदलले, आणि ४६५, ४७० व ४७५ बोअरच्या ज्या दुनळी रायफली पुढे जगभर नावाजल्या, त्या या बंदीच्या पोटी जन्मास आल्या. हिंदुस्थानातल्या गृहखात्याच्या एका धास्तीने आफ्रिकेतल्या हत्तींच्या शिकारीचे माप ठरवले, हे वाचताना मला नेहमी हसू येते.

जालना निजामाच्या मुलखात असल्यामुळे इंग्रजी हद्दीतला १८७८ चा हत्यारांचा कायदा, ज्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि गोऱ्याला मोकळे सोडले, त्याचा अंमल येथील रयतेवर सरळ नव्हता. परंतु दरबारची मर्जी हाही एक परवानाच होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान हे शिकारीचे मोठे षौकीन. १९०२ च्या वसंतात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन त्यांच्या मुलखात आला, मारलेल्या वाघाशेजारी उभ्या असलेल्या त्याचे छायाचित्र राजा दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्याने टिपले, आणि त्याच भेटीत, कंटिंजंटच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या वऱ्हाडच्या कायम पट्ट्याची बोलणी झाली. तो करार नोव्हेंबरात पुरा झाला, कंटिंजंट वेगळी फौज म्हणून उरली नाही, आणि दुसऱ्या वर्षी जालन्याची छावणी उठली. ते प्रसिद्ध छायाचित्र जालनेकराने पाहावे ते या दृष्टीने. त्यातला वाघ जितका मेलेला आहे, तितकीच आपली छावणीही.

छावणी उठली तरी शिकारीचा षौक उठला नाही. तो देशमुखी-जहागिरीच्या वाड्यांत उतरला. बंदूक ही तेथे हत्यार कमी आणि मानचिन्ह अधिक होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली, संस्थान गेले, जहागिऱ्या गेल्या. दिवाणखान्यातल्या भिंतीवरची दुनळी मात्र बऱ्याच ठिकाणी राहिली, कारण तिच्यापाशी परवाना होता. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून देशभर लागू झाला आणि तिच्या मानाचे रूपांतर जिल्हाधिकारी कचेरीतल्या एका नोंदीत झाले. मग एकेक करून तिचे काम काढून घेण्यात आले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीस बंदी झाली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पुढल्या वर्षी महाराष्ट्रात आला. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा जो काही परवानगीचा दरवाजा किलकिला होता तोही लोटला. पिकात शिरणाऱ्या रानडुकरासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आजही कायद्यात आहे, पण लंडनच्या कारागिराने वर्षभर हाताने घडवलेल्या रायफलीला या देशात कायदेशीर सावज उरले नाही. हे योग्यच झाले, याविषयी माझ्या मनात किंचितही संदेह नाही. काळविटाची मान भिंतीवर पाहण्यापेक्षा ती माळावर पाहणे केव्हाही अधिक रमणीय.

सावज गेले तरी परवाना उरला आणि त्याची मुदत उरली. दर काही वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज, शुल्काचे चलन, पोलीस चौकशी. आणि निवडणूक जाहीर झाली की बंदूक ठाण्यात जमा करून पावती घेण्याची हजेरी. पन्नास वर्षे जिच्यातून गोळी सुटली नाही ती बंदूक दर निवडणुकीला वाड्यातून ठाण्यात आणि ठाण्यातून वाड्यात अशी पालखीसारखी मिरवते. मालक निवर्तल्यावर वारसाने परवाना मागायचा, न मिळाल्यास किंवा नको असल्यास ती ठाण्यात वा परवानाधारक व्यापाऱ्याकडे अनामत ठेवायची, आणि मुदतीत विल्हेवाट न लावल्यास ती सरकारजमा. २०१६ च्या नियमांनी एवढी सोय केली की, मालकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना व्हावा म्हणून अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळच्या शस्त्रांची कमाल संख्या तिनावरून दोनवर आणली आणि तिसरे एका वर्षात जमा करण्यास फर्मावले. तेव्हा आजोबांची कोणती ठेवायची आणि कोणती द्यायची, हा खल अनेक घरांत झाला असेल.

अशा वेळी नव्या पिढीचा तरुण साहजिकच म्हणतो, की आजोबा, जुने ग्रामोफोन आणि नाणी मोबाईलवर विकतो तशी ही का विकू नये? त्याने कोठेतरी पाहिलेले असते की अमेरिकेत हे सर्रास चालते. चालते खरे, पण तेथेही त्याला इतिहास आहे. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्यावर ज्या इटालियन रायफलीतून गोळी सुटली, ती शिकागोच्या एका दुकानातून खोट्या नावाने, टपालाने, दुर्बिणीसह वीस डॉलरांच्या आत मागवलेली होती. १९६८ च्या कायद्याने हा टपाली व्यापार बंद केला. ईबे या विख्यात लिलाव-संकेतस्थळाने १९९९ मध्ये बंदुकांची विक्री थांबवली, आणि त्याच वर्षी केवळ बंदुकांच्या लिलावाला वाहिलेले गनब्रोकर हे स्थळ उभे राहिले. तेथे बोली पडद्यावर लागते, पैसे पडद्यावर चुकते होतात. मात्र परराज्यातील खरेदीदाराला बंदूक घरपोच मिळत नाही, ती त्याच्या गावच्या परवानाधारक व्यापाऱ्याकडे जाते आणि चौकशी झाल्यावर त्याच्या हाती पडते. म्हणजे हातोडी आधी पडते आणि खरेदीदार कोण हे मागाहून विचारले जाते.

आपल्या कायद्याने हा क्रम उलटा लावला आहे. १९५९ च्या अधिनियमाचे पाचवे कलम खाजगी मालकाला आपली बंदूक विकण्याची मुभा देते, पण घेणारा आधीच अधिकारपात्र असला पाहिजे. त्याचे नाव आणि पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यास वा जवळच्या ठाण्यास लेखी कळवला पाहिजे. आणि कळवल्यानंतर निदान पंचेचाळीस दिवस थांबले पाहिजे. लिलावाचा सारा प्राण यात आहे की, शेवटचा पुकारा होईपर्यंत घेणारा कोण हे कोणालाच ठाऊक नसावे. ज्या विक्रीत घेणाऱ्याचे नाव सरकारला दीड महिना आधी कळवावे लागते, तिला लिलाव म्हणणे म्हणजे लग्नपत्रिका वाटून झाल्यावर स्वयंवर मांडणे होय. आणि विलायतेच्या लिलावगृहात ती पाठवावी म्हटले, तर शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, आणि मग तिची खाजगी निर्यात बंद. गंमत अशी की, बंदूक संगणकाच्या जाळ्यात शिरली नाही असे नाही. प्रत्येक परवान्याला आता देशव्यापी नोंदवहीत एक विशिष्ट क्रमांक आहे. अमेरिकेतली बंदूक पडद्यावर आली ती बोलीसाठी, आपली आली ती हजेरीसाठी.

दीड महिन्याच्या या दिरंगाईविरुद्ध कुरकूर करणारे पुष्कळ आहेत. त्यांचे एक गाऱ्हाणे खरे आहे: गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून खाजगी माणसाला परदेशी बंदुकीची आयात बंद असल्यामुळे, देशात आधीच असलेल्या विलायती रायफलीला भाव चढला, आणि तो भाव मोकळ्या बोलीने न ठरता दोन-चार व्यापाऱ्यांच्या तोंडून ठरतो, वाड्यातल्या विधवेला आपल्या वस्तूची खरी किंमत कळण्याचा मार्ग नाही. एवढी उणीव मान्य करूनही मी पंचेचाळीस दिवसांच्या बाजूचा आहे. छावणीतला पुकारा निर्धास्त होता तो त्या ठिकाणी सगळे एकमेकांस ओळखत म्हणून. ती ओळख जेथे नाही तेथे तिची उणीव कोणीतरी भरून काढलीच पाहिजे, आणि ठाण्यातला तो रुक्ष कागद तेवढेच काम करतो. किंमत कमी येईल, येऊ द्यावी.

मात्र जी बंदूक वारसाला नको आणि गिऱ्हाइकालाही नको, तिचा शेवट ठाण्याच्या मालखान्यातल्या गंजात व्हावा हे मला पटत नाही. दुरुस्त करूनही जिच्यातून बार निघू शकणार नाही अशा कालबाह्य शस्त्राला अधिनियमाचे पंचेचाळिसावे कलम आपल्या कचाट्यातून वगळते. जालन्यास छावणीचा पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो सांगणारी वस्तू शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही दाखवता येणार नाही. मस्तगडाच्या भिंतीआड एखादे दालन, रीतसर निकामी केलेल्या चार दुनळ्या, आणि प्रत्येकीखाली तिचा जुना उर्दू वा मराठी परवाना काचेत लावलेला, एवढे तरी व्हावे. २०२३ मध्ये महानगरपालिका झालेल्या शहराला ते जड नाही.

तोपर्यंत, ज्यांच्या कपाटात अशी एखादी वारशाने आलेली रायफल पडून असेल त्यांनी हा लेख बाजूला ठेवून प्रथम परवाना काढावा आणि त्यावरची मुदतीची तारीख पाहावी.