महासंगणकाचें सामाईक कोठार

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सोलापूर जिल्ह्यांत कोणास सांगावी लागत नाहीं. दुष्काळांत त्यांनीं बादशहाचें धान्यकोठार रयतेस खुलें केलें. कथेंतील चमत्कार बाजूस ठेवला तरी एक व्यावहारिक प्रश्न उरतोच: कोठार एकाचें आणि भूक अनेकांची, अशा वेळीं किल्ली कोणाच्या हातीं असावी? महासंगणकाचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे हाच प्रश्न निराळ्या वेषांत पुढें उभा राहतो. हीं यंत्रें इतकीं महाग असतात, कीं एकेका विद्यापीठास किंवा कारखान्यास तीं घेणें परवडत नाहीं. म्हणून केवळ वेगाचे आंकडे देऊन त्यांचा इतिहास लिहिण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस अपुरी वाटते. यंत्रावरील तास कोणास आणि कोणत्या नियमानें मिळाले, हें पाहिल्यावांचून तो इतिहास पुरा होत नाहीं.

आपल्याकडे ह्या कथेचा आरंभ मुंबईस होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः घडविलेलें गणकयंत्र 1960 सालीं चालूं झालें. 1962 मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नांव ठेविलें. परंतु सामाईकपणाच्या दृष्टीनें महत्त्वाचें यंत्र त्यानंतरचें. 1964 सालीं अमेरिकेंतून आलेला ‘सीडीसी 3600’ त्याच संस्थेंत बसविण्यांत आला, आणि त्यावर राष्ट्रीय गणनकेंद्र चालविण्यांत आलें. देशांतील इतर संस्थांचे संशोधक आपलें गणित छिद्रांकित कार्डांवर उतरवून त्या यंत्रास घालीत. यंत्र एका संस्थेच्या आवारांत, पण काम सर्वांचें, ही कल्पना येथें रुजली.

पुढील हकीकत बहुश्रुत आहे. 1980 नंतरच्या दशकांत हिंदुस्थानास क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अमेरिकेनें मागितल्याहून कमी शक्तीचें यंत्र, तेंही हवामानाच्या कामापुरतें, दिलें. 1988 मध्यें पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं 1991 सालीं ‘परम 8000’ तयार झाला. एका प्रचंड यंत्राऐवजीं अनेक लहान गणकांनीं एकच गणित वांटून घ्यावें, हें त्याचें तत्त्व. ह्या विजयाचे पोवाडे पुष्कळ झाले आहेत. त्यांत आणखी एकाची भर नको.

सोलापूरचा संबंध येतो तो पावसाच्या वाटेनें. सह्याद्रीच्या आड पडलेल्या ह्या पर्जन्यछायेच्या मुलखांत ढग येतात आणि न बरसतां जातात. 1933 सालीं येथें कोरडवाहू शेतीचें संशोधनकेंद्र निघालें तें याच कारणानें. वाहून जाणारें पाणी आणि त्याबरोबर जाणारी माती मोजण्याचें काम तेथें तेव्हांपासून झालें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें 2018 व 2019 ह्या दोन वर्षीं ढगांत क्षार पेरण्याचे प्रयोग सोलापुरावरच केले. 276 ढग निवडले, त्यांपैकीं कोणते पेरावयाचे हें दैवावर सोंपविलें, आणि पेरलेल्या ढगांखालील प्रदेशांत सरासरीनें सुमारें 18 टक्के अधिक पाऊस झाला, असा निष्कर्ष 2023 मध्यें प्रसिद्ध केला. ह्याच संस्थेंत 2018 च्या जानेवारींत ‘प्रत्यूष’ आणि 2024 मध्यें ‘अर्क’ हे महासंगणक बसले. ‘अर्क’ची शक्ति 11.77 पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदास एकावर पंधरा शून्यें इतकीं गणितें. त्याच्या बळावर 2025 पासून अंदाजाची चौकट बारा किलोमीटरांवरून सहांवर आली. बार्शींत पाऊस आणि शेजारच्या गांवीं ऊन, हा ज्यांचा नित्याचा अनुभव आहे, त्यांस ह्या सहा किलोमीटरांचें मोल कळेल.

युरोपांत वांटणीचा विचार अधिक बांधेसूद झाला. 2018 सालीं तेथील राष्ट्रांनीं व युरोपीय संघानें मिळून ‘युरो-एचपीसी’ ही सामाईक संस्था स्थापिली. यंत्रें निरनिराळ्या देशांत ठेवावयाचीं, खर्च मिळून करावयाचा, आणि तास मात्र अर्जाच्या गुणावर, तज्ज्ञांनीं पारखून द्यावयाचे, असा तिचा क्रम आहे. संशोधकांस खुल्या संशोधनासाठीं मोल पडत नाहीं. उद्योगांसही, लहान कारखान्यांसह, वाट ठेविली आहे. त्यांतील ‘लुमी’ हा महासंगणक फिनलंडमधील कायानी गांवीं, बंद पडलेल्या कागदगिरणीच्या जागेंत उभा आहे. त्यास वीज जलशक्तीची आणि त्याची उष्णता गांवांतील घरें उबदार ठेवण्यास जाते. आपल्या बंद गिरण्यांची धुराडीं पाहिलेल्या सोलापूरकरास ही गोष्ट वाचून क्षणभर थांबावें लागेल!

आपल्या सरकारनेंही 2015 मध्यें साडेचार हजार कोटींची राष्ट्रीय महासंगणन योजना मंजूर केली. काशी, पुणें, खरगपूर येथें तिचीं यंत्रें बसलीं. मात्र बहुतेक यंत्रें थोर संस्थांच्याच दारीं गेलीं, आणि दाराजवळच्याचा घांस सोपा असतो. तंतुजाल आतां सर्वत्र पोंचलें आहे. 1964 प्रमाणें कार्डांचे गठ्ठे घेऊन आगगाडींत बसावयास नको. सोलापुरास 2004 पासून स्वतःचें विद्यापीठ आहे, कोरडवाहू केंद्राच्या दप्तरांत पाण्याचीं व मातीचीं जुनीं मोजमापें आहेत, आणि चादरी व टॉवेल विणणारे कारखानेही आहेत. ढग आमचे, गणित पुण्याचें, अशी आजवरची विभागणी आहे. त्या जुन्या मोजमापांशीं नवी सहा किलोमीटरांची चौकट ताडून पाहण्यासाठीं यंत्राचे कांहीं तास सोलापुरांतून मागितले गेले, तर अर्ज पारखणाऱ्यांस त्यांत वावगें असें कांहीं सांपडूं नये.