एजिलॉप्स

(कुल : पोएसी). भूमध्य समुद्राचा काठ आणि पश्चिम आशिया येथील वर्षायू रानगवतांची प्रजाती. गव्हाची सर्वांत जवळची भाऊबंद. जाती वीसहून अधिक. त्यांपैकी ए. जेनिक्युलेटा भूमध्य प्रदेशात रस्त्याकडेला, ऑलिव्हच्या बागांत व दगडाळ माळांवर सर्रास दिसते. उंची जेमतेम वीत-दोन वीत. ओंबी बोटाच्या पेराएवढी, फुगीर. तिच्यावर लांब, खरखरीत कुसळे. पिकल्यावर दाणे सांडत नाहीत, अख्खी ओंबीच गळते आणि जनावरांच्या केसांत अडकून दूर जाते.

विदर्भात हे गवत उगवत नाही. तरीही भिवापूर-उमरेडकडच्या शेतकऱ्याने रब्बीत लोक-१ हा गहू पेरला की त्याच्या दाण्यादाण्यात एजिलॉप्सचा तिसरा हिस्सा असतोच. पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात. त्यांतली १४ ए. टाउशी या जातीची. सुमारे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कास्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे लागवडीतल्या २८ गुणसूत्री गव्हाचा या तणाशी आपोआप संकर झाला. जपानमध्ये किहारा आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सिअर्स यांनी १९४० च्या दशकात स्वतंत्रपणे ते सिद्ध केले.

बन्सी आणि खपली हे गहू मात्र २८ गुणसूत्रांचेच राहिले. त्यांत टाउशीचा वाटा नाही. हा फरक थेट चक्कीत कळतो. दाणा मऊ करणारी जनुके टाउशीकडून आलेली. ती नसल्याने बन्सीचा दाणा काचेसारखा कडक. दळताना त्याचा आधी रवा पडतो. रव्याला आणि शेवयांना बन्सीच हवा, हा घरोघरचा आग्रह म्हणूनच रास्त आहे.

तांबेरा या रोगाशी झुंजण्याचे बळही गव्हाला या गवतांनी दिले. सिअर्स यांनी १९५६ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने ए. अम्बेल्युलाटातील तपकिरी तांबेऱ्याचे प्रतिकारक जनुक गव्हात आणले. फ्रान्समध्ये ए. व्हेंट्रिकोसातून आलेला गुणसूत्राचा तुकडा पुढे गव्हावरील करप्यालाही उपयोगी ठरला. २०१६ मध्ये बांगलादेशात करप्याने पीक बुडवल्यानंतर तिथे प्रसारित झालेल्या बारी गोम-३३ या वाणात तोच तुकडा आहे.

एजिलॉप्ससारख्या रानगव्हांचा मोठा बीजसंग्रह सीरियातील अलेप्पोजवळ इकार्डा या संस्थेकडे होता. यादवी युद्धामुळे तो हाताबाहेर गेला. स्वालबार्डच्या बीजकोठारात ठेवलेल्या प्रती २०१५ पासून परत मागवून लेबनॉन व मोरोक्को येथे तो पुन्हा उभारण्यात आला.