हजेरीपटापासून वंशावळीपर्यंत

आपले पूर्वज कोण, कोठले, कोणत्या पिढीतले, हा प्रश्न महाजन कुटुंबांस नवा नाही. देवस्थानच्या महाजनांच्या यादीत नाव लागावयाचे, तर वाडवडिलांशी असलेला संबंध दाखवावाच लागतो. अमेरिकेतील हजारो कुटुंबेही असाच शोध घेत असतात. आपला पूर्वज तेथील स्वातंत्र्ययुद्धात (१७७५ ते १७८३) लढला होता काय, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या शोधाची रीत आपणांसही बोधप्रद ठरावी अशी आहे.

त्या युद्धात जनरल वॉशिंग्टन यांच्या खड्या सैन्याबरोबर गावोगावची ‘मिलिशिया’ही लढली. मिलिशिया म्हणजे शेतकरी, लोहार, दुकानदार यांची फौज. हाक आली की बंदूक घेऊन निघावयाचे आणि काही दिवसांनी वा महिन्यांनी आपल्या शेतावर परतावयाचे. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन व कॉन्कर्ड येथे युद्धाची ठिणगी पडली, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधील गावकरी असेच धावून गेले. त्यांचे हजेरीपट जतन केलेले असून, त्या राज्याने १८९६ ते १९०८ या काळात आपल्या सैनिकांच्या नोंदींचे १७ खंड छापून काढले.

परंतु हजेरीपटात असते काय? नाव, हुद्दा, तुकडीचा नायक, सेवेचे दिवस आणि फार तर गाव. बाप कोण, पत्नी कोण, याचा पत्ता नाही. एकाच गावात एकाच नावाचे दोघे-तिघे असत. नावापुढे ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ असे लिहिलेले असले, तरी ते पितापुत्र असतीलच असे नाही. पुष्कळदा थोरला व धाकटा एवढाच त्याचा अर्थ. आजोबांचे नाव नातवास ठेवणाऱ्या आपल्या घराण्यांना ही अडचण समजावून सांगावयास नको. त्यातच नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीस आग लागून तेथील जुने कागद भस्मसात झाले.

खरा उलगडा होतो तो निवृत्तिवेतनाच्या अर्जांतून. ७ जून १८३२ च्या कायद्याने किमान सहा महिने सेवा केलेल्या मिलिशियातील सैनिकांसही निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला. हाती कागद नसलेले वृद्ध न्यायालयात उभे राहिले आणि जन्म कोठला, फौजेत गेलो तेव्हा राहत कोठे होतो, नायक कोण होता, हे शपथेवर सांगते झाले. १८३६ च्या कायद्याने, पतीची सेवा संपण्यापूर्वी विवाह झालेल्या विधवांनाही हक्क मिळाला. विवाह सिद्ध करण्यासाठी कित्येकींनी घरच्या बायबलातील जन्म-विवाहांच्या नोंदींची पाने काढून अर्जास जोडली. निवृत्तिवेतन व इनाम जमीन यांसाठीच्या अर्जांच्या मिळून सुमारे ८०,००० फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

तात्पर्य, सैनिकाचे नाव पटाने राखले. त्याचे घराणे मात्र वृद्धांच्या आठवणींनी आणि विधवांच्या साक्षींनी राखले. नाव जुळले म्हणून पूर्वज सापडला असे होत नाही. मुलाकडून बापाकडे, बापाकडून आज्याकडे, असे एकेक पायरी पुराव्यानिशी चढावे लागते.

आपल्या वंशावळ्यांत बहुधा पुरुषांचीच नावे आढळतात. सुना कोणत्या गावच्या, लेकी कोठे दिल्या, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनाच ठाऊक असते. त्या आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून ते सारे गाव व सालासह लिहून घेणे, हे देवकार्याइतकेच पवित्र असे कुलकार्य होय.