लातूरहून केडगावला, एप्रिल १९२२

डब्यातली फळी अरुंद आहे. समोरच्या माणसाचे गुडघे तुमच्या गुडघ्यांना लागतात. बार्शी लाइटची ही गाडी अडीच फुटी रुळांवरून चालली आहे आणि चढ आला की रेंगाळते. तारीख ४ एप्रिल १९२२. लातूरला रूळ येऊन ११ वर्षं झाली. मुलूख निजामाचा आहे, म्हणून खिशात हाली शिक्का. येडशीचा घाट मागे पडून पांगरी आली की इंग्रजी अंमल सुरू होतो. तिथे कलदार लागेल.

डब्यात टाळ आहेत, पडशा आहेत. चैत्री एकादशी तीन-चार दिवसांवर आली आहे. तुळशीची माळ घातलेली एक आजी तुम्हाला विचारते, "कुठं चाललाव?"

"केडगावला. पंडिता रमाबाईंकडं."

"मी म्हायेराला," ती म्हणते, आणि ते पंढरपूर आहे हे डब्यात कुणालाही सांगावं लागत नाही.

कुर्डुवाडीला वाटा फुटतात. आजीची गाडी पंढरीकडे वळते. तुम्ही जीआयपीच्या मोठ्या गाडीत चढता आणि रात्रभर मनात एकच गोष्ट घोळत राहते. रमाबाईंना माहेर नव्हतंच. १८५८ साली त्या गंगामूळच्या रानात जन्मल्या, आणि सहा महिन्यांच्या असताना वेताच्या पेटाऱ्यातून त्यांचा प्रवास सुरू झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे देवळादेवळांतून पुराण सांगत फिरायचे. एक तीर्थ झालं की दुसरं. दुष्काळात १८७४ साली वडील गेले, आणि थोड्याच काळात आई, रायचूरला. रायचूरही याच निजामाच्या राज्यातलं. खांदा द्यायला माणसं मिळेनात, दोन ब्राह्मण कसेबसे आले. उंची कमी पडली म्हणून या सोळा वर्षांच्या मुलीने तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं आणि स्मशानापर्यंत चालत गेली. मग बहीण गेली, भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच नवरा गेला. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. आणि गेल्याच जुलैत एकुलती एक मनोरमा गेली, चाळिशीत.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तंबूत राहणारा अब्राहाम आहे. देवाने बांधलेल्या नगराची वाट पाहत तो आयुष्यभर परदेशी म्हणून जगला. तो अध्याय मराठीत आणताना रमाबाईंना टीकाग्रंथ चाळावा लागला नसेल, असं मला मनापासून वाटतं. तंबू म्हणजे काय ते त्यांच्या पायांना ठाऊक होतं.

पहाटे केडगाव, रमाबाईंचं मुक्ती मिशन. उजाडेल तसं दिसू लागतं: खोदलेल्या विहिरी, झाडं, एकापाठोपाठ एक सदनं. स्वर्गाची ओढ लागलेला माणूस पृथ्वीवर हातपाय गाळतो, असं म्हणणाऱ्यांना इथे उभं करावं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, १९००मध्ये गुजरातेतून. त्यांच्यासाठी चूल, शाळा, माग, सगळं उभं राहिलं. बर्तिमी सदनात अंध मुली बोटांनी वाचतात. जिला कुठेच घर नव्हतं तिने शेकडो जणींना घर दिलं, आणि तरी स्वतःसाठी हे घर शेवटचं मानलं नाही. मला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. वरचं घर पक्कं आहे याची खात्री होती, म्हणूनच खालच्या घरात त्यांनी स्वतःकरता काही राखून ठेवलं नाही.

फाटकाशी उभी असलेली बाई तुम्हाला बातमी सांगते. रडून तिचे डोळे सुजलेत, पण आवाज स्थिर आहे. "बाई घरी गेल्या. झोपेतच."

आज ५ एप्रिल, बुधवार. पुनरुत्थानाचा रविवार अकरा दिवसांवर आहे. मुक्तीत सांगतात, की दुखणं वाढल्यावर बाईंनी प्रभूकडे आणखी दहाच दिवस मागितले होते, तेही बायबलची शेवटची मुद्रितं तपासण्यासाठी. ती तपासून झाली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळं शास्त्र आणायचं, या कामाला दीड तप लागलं. जायची एवढी ओढ असलेल्या माणसाने दहा दिवस थांबायला मागावं, तेही मुद्रितांसाठी! यावर मी तासभर बोलू शकेन.

तुम्ही छापखान्यात जाता. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, पानं शिवणाऱ्या सगळ्या बायकाच. नवा करार १९१३ साली इथूनच निघाला. पुरं बायबल बाहेर पडायला १९२४ उजाडेल, म्हणजे अजून पुष्कळ ताव छापायचे आहेत. एक बाई पदराने डोळे पुसते आणि तुमच्याकडे वळते.

"पाहुणे, हात स्वच्छ आहेत ना? मग तो गठ्ठा इकडं घ्या."